दोन शिंगांची गिटार

सत्तरच्या दशकात मळवलीला आमच्या शेजारच्या बंगल्यात एक झिपऱ्या मुंबईकर राहायला आला. त्याच्या लाल इलेक्ट्रिक गिटारीला दोन शिंगं होती. "हेवी मेटलवाल्यांचं हेच मॉडेल," असं तो शिंगांवरून हात फिरवत येईल त्याला सांगायचा. तो वाजवू लागला, की लोहगडाचे चिरे हलायचे आणि पलीकडच्या आबांची म्हैस दूध चोरायची.

पोळ्याच्या सकाळी आबांनी येऊन त्या शिंगांना हिंगूळ फासला. "आज शिंगाच्या जनावराला जुंपायचं न्हाई, पोरा."

तो गंभीरपणे म्हणाला, "मग आबा, हिची पुरणपोळी?"

आबांनी ती निमूट आणून दिली. गिटार दिवसभर गप्प राहिली आणि म्हशीनं बादली भरली.

दुसऱ्या दिवशी त्यानं तारा जुळवायला घेतल्या, तोच आबा पुन्हा ताट घेऊन दारात.

"आमच्यात पोळा दोन दिस असतो!"

त्या वर्षी मळवलीत पोळा दिवाळीपर्यंत चालला.