चाकात सोडलेलं तेल

गॅरेजवाल्याच्या दारात तासन्‌तास ताटकळत बसायचं माझ्या जिवावर येतं. म्हणून जुन्या गाडीचे पुढचे ब्रेक पॅड मी मोबाइलवर बघून अंगणातच बदलले. नवे पॅड टाकून गल्लीतनं एक चक्कर मारली, तर दर ब्रेकला असं कर्कश किंचाळणं की शेजारीण दारात येऊन बघायला लागली. असा संताप आला!

परत व्हिडिओ बघितला. पॅडची जी बाजू चाकाच्या चकतीवर घासत नाही, त्या पाठीला खास ग्रीसचा पातळ हात द्यायचा असतो. तेवढंच राहून गेल्तं. जेवताना मी चिडून म्हणाले, "वंगण लावायचंच राह्यलं." कुठं लावायचं, हे काही बोलले नाही. ऐकायला दोघंच होती, माझी आठ वर्षांची लेक आणि माझे आबा. आबांनी उभा जन्म बैलगाडी हाकली. चाक कुरकुरलं की आसाला तेल द्यायचं, एवढं त्यांना बराबर ठाऊक.

सकाळी लेकीला घेऊन वाटूरच्या शाळेत निघाले. मी तिथं शिकवते, ती तिथंच शिकते. आवाज बिलकुल बंद. मला वाटलं, पॅड आपोआप बसले, आणि मी खूशही झाले, मूर्खासारखी. आमच्या आष्टीतनं सावकाश निघाले, ब्रेक हलकेच दाबत होते, म्हणून काही कळलं नाही. वाटूर फाट्यावर उसाची ट्रॉली आडवी आली. पाय रोवून ब्रेक दाबला तरी गाडी आपली पुढंच. हँडब्रेक ओढला तेव्हा ट्रॉलीला धडकून उभी राह्यली. लेकीचा ओठ फुटला.

फाट्यावरच्या मिस्त्रीनं चकतीवरनं बोट फिरवून मला दाखवलं. तेल.

रिक्षानं घरी आले. आबा दारातच बसले होते. लेकीच्या फ्रॉकवरचं रक्त दिसायच्या आधीच हसून म्हणाले, पहाटे शिलाई मशीनचं तेल सोडलं चाकात, आवाज बंद झाला ना?

"लेकरू मेलं असतं आज तुमच्यापायी," मी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले. "माझ्या घरात कशाला हात लावू नका."

"तूच म्हन्लीस ना बाई, राह्यलं म्हणून," ते हळूच म्हणाले आणि आत गेले.

खरंच होतं ते. अर्धवट बोलले मी, अर्धवट काम केलं मी, आणि बोल लावला म्हाताऱ्याला. लेकीचा ओठ आठ दिवसांत भरून आला. मिस्त्रीनं चकत्या धुऊन, पाठीला ग्रीस देऊन दुसरे पॅड टाकले. आबांची माफी तेवढी मागवेना. हेकट आहे मी, आणि त्याची आता मलाच भीती वाटते.

परवा जेवताना लेकीला जोराचा ठसका लागला. डोळ्यांतनं पाणी यायला लागलं तिच्या. तांब्या आबांच्या जवळ होता. त्यांनी हात पुढं नेला, तसाच मागं घेतला आणि माझ्याकडं बघत विचारलं,

"पाणी देऊ का तिला, बाई?"