अडतीस हजर, एकोणचाळीस हजर

मी तशी भित्री बाई नाही. पांढरकवड्यात हैदराबादच्या रस्त्याला लागून माझं घर आहे. ट्रक असे धावतात की फडताळातल्या बशा थरथरतात, पण माझी झोप मोडत नाही. मोरीत दोनदा साप निघाला, दोन्ही वेळा सून स्टुलावर आणि काठी माझ्या हातात. सासूला भ्याले नाही, नवऱ्याच्या तोंडाला भ्याले नाही. पण सकाळचे साडेसात वाजत आले की माझ्या छातीत धडधडायला लागतं, आणि त्याला कारण आहे एक वाळक्या अंगाचा, निवृत्त एसटी कंडक्टर. साऱ्या यवतमाळ जिल्ह्यात ह्याच्याएवढं भेव वाटावं असा दुसरा माणूस नाही, हे मी कुठेही छातीठोक सांगेन आणि साठी ओलांडलेली चोवीस माणसं माझ्या बाजूने साक्ष देतील. हा आमच्या वर्गाचा मॉनिटर.

बोरी अरबच्या शाळेत आम्ही आठवीला असताना गुरुजींनी त्याला मॉनिटर केलं आणि नंतर काढायचं विसरले. पुढे गुरुजी गेले, शाळेची कौलं जाऊन स्लॅब पडला, आमचे केस पिकले, दात पडले, दोघीतिघींच्या गुडघ्यात नव्या वाट्या बसल्या, पण हा अजून मॉनिटरच. मधली सगळी वर्षं त्याने बसमध्ये प्रवासी मोजण्यात घालवली, त्यामुळे खोड जायची ती उलट मुरली. कुठेही गेला की आधी डोकी मोजतो. माझ्या धाकट्याच्या लग्नात पंगत बसली आणि हा ओळीतून वाकून वाकून फिरतोय. मला वाटलं, हौसेने मीठ-लिंबू वाढत असेल. तर माझ्याजवळ येऊन कानात म्हणतो, "आपले एकोणीस आले. सात कमी हायेत. तू इथी हसून काय राह्यली? थे सात कुठी गेले सांग." लग्न माझ्या मुलाचं, विहीणबाई रुसलेल्या, आणि मी सात म्हाताऱ्यांचा हिशेब देत उभी!

निवृत्त झाल्याबरोबर त्याने वर्ग गोळा करायला घेतला. मुलगे सापडायला सोपे. बाप्या माणूस गाव बदलतो, नाव बदलत नाही. आम्हा मुलींचं नाव, आडनाव, गाव सगळंच लग्नात गेलेलं. तरी ह्याने एकेक गाव पालथं घातलं. एका दुपारी माझ्या दारात उभा राहिला. खांद्याला कंडक्टरची जुनी चामडी पिशवी, पिशवीत शाळेच्या हजेरीपटावरून उतरवलेली लांबुडकी वही. सुनेला विचारतो, "अडतीस नंबर इथीच राह्यते काय?" सून म्हणाली, हे बावीस नंबरचं घर आहे. "घराचा नाई व, बाईचा नंबर!" सुनेने धाडकन दार लावलं आणि नवऱ्याला फोन केला. मी मागच्या अंगणातून आले, खिडकीतून डोकावले, आणि ती तिरकी मान ओळखली. इतक्या वर्षांनी मी कुणाची आई नव्हते, कुणाची सासू नव्हते, नुसती अडतीस नंबर होते. मला असं रडू कोसळलं की सून आणखीच घाबरली.

मग निघाला मोबाईलवरचा ग्रुप, 'दहावी अ'. आमच्या शाळेत 'ब' तुकडी कधी नव्हतीच, पण हा 'अ' लावल्याशिवाय राहीना. सकाळी सात ते साडेसात हजेरी. आपला नंबर टाकायचा, पुढे 'हजर' लिहायचं, संपलं. सुविचार नाही, देवाचे फोटो नाहीत. नवव्या नंबराने एकदा गुलाबाचं फूल पाठवलं, तर याचं उत्तर, "फुलाले नंबर नाई. नवानं स्वतः यावं." जे गेले त्यांचे नंबर त्याने खोडले नाहीत, दुसऱ्या कुणाला दिले नाहीत, वहीत त्या ओळी कोऱ्या ठेवल्या. आणि साडेसातला ज्याचं 'हजर' आलं नाही, त्याला सात एकतीसला फोन. फोन उचलला नाही तर हा स्वतः निघाला म्हणून समजा. दारव्ह्याला आमचा बारा नंबर राहतो, ट्रॅक्टरचा मिस्त्री. एका सकाळी त्याने ना हजेरी दिली ना फोन उचलला. तासाभरात मॉनिटर चार शेजारी घेऊन त्याच्या घरी. हाका मारल्या, ओ नाही, चौघांनी खांदा देऊन कडी उखडली, आत शिरले, तर मागून आवाज आला, "अबे मॉनिटर, माणसाले सुखानं संडासलेबी जाऊ देत नाई काय बे! मोबाईल घेऊन जाऊ का आत?" बाहेर आल्यावर बारा नंबर तुटलेल्या कडीवरून तासभर भांडला. पण तेव्हापासून तो संडासलाही मोबाईल घेऊन जातो.

हसतो आम्ही. पण हे वेड त्याला कशाने लागलं ते सगळ्यांना माहीत आहे, म्हणून कोणी फार हसत नाही. आमचा अकरा नंबर यवतमाळला एकटा राहायचा; लग्न केलं नव्हतं. निवृत्तीनंतर मॉनिटर त्याला फोन करीन करीन म्हणत होता, आज करू, उद्या करू. तो गेला हे तिसऱ्या दिवशी कळलं, तेही दारात दुधाच्या पिशव्या साचल्या म्हणून. मॉनिटर जाऊन आला तो आठ दिवस कुणाशी बोलला नाही. नवव्या दिवशी मला म्हणाला, "मरण काही आपल्या हातात नाई. पण तीन दिवस कोणाले पत्ता नसावा? मले थ्या दुधाच्या पिशव्याईचं भेव लागते, अडतीस." त्याच्याही पुढच्या दिवसापासून हजेरी सुरू झाली. आणि तेव्हापासून भीती ही आमच्या वर्गाची रोजची चीज झाली. याच्या भीतीने आम्हाला एकमेकांसाठी भ्यायला लावलं. साडेसातला मी डोळे बारीक करून ग्रुपवर खाली खाली जाते. एखादा नंबर दिसला नाही की हातातला चहा निवतो.

शाळेतल्या बाकाप्रमाणे त्याने जोड्या लावल्या होत्या. बाकावरच्या जोडीदाराने जोडीदारावर लक्ष ठेवायचं. माझ्या बाकावर एकोणचाळीस, म्हणजे पमी. झरी जामणीच्याही पुढे जंगलातल्या एका गावात तिने जन्मभर मास्तरकी केली. नवरा गेला, मुलगी पुण्याला बोलावते, पण ही गाव सोडत नाही. तिच्याकडे मोबाईलला रेंज अशी की हापशीच्या ओट्यावर चढलं तर मिळायची. पायऱ्या चढून गुडघे दुखायला लागले तेव्हा ती म्हणाली, "सकायची माही हाजरी तूच टाकत जाय. मी रोज संध्याकाई एकदा चढत जाईन, तवा तू फोन करत जाय." मॉनिटरने कुरकुर करत हे मान्य केलं. संध्याकाळी मी फोन लावला की पमी आधी त्याचा उद्धार करायची. "काय म्हणते तो हाजरीखोर मेला? अजून मेला नाई?" हा निरोप मी सकाळी हजेरीसोबत इमानाने पोचवायची: 'अडतीस हजर, एकोणचाळीस हजर, तुला हाजरीखोर म्हणाली.' त्यावर तो फक्त 'बरं' लिहायचा. पण त्याच्या त्या 'बरं'मध्ये काय खुशी असायची!

श्रावणात एका संध्याकाळी सुनेच्या माहेरचे आले. भजी तळण्यात, बोलण्यात पमीचा फोन राहिला. राहिला म्हणजे काय, आठवण झाली होती. म्हटलं, जाऊ दे, एक दिवसाने काय होतंय. सकाळी डोळे चोळत टाकून दिलं, 'अडतीस हजर, एकोणचाळीस हजर.' सात एकतीसला फोन.

"एकोणचाळीसशी काल बोलली काय?"

"हो, बोलले."

"काय म्हणे?"

"पाऊस आहे म्हणाली खूप."

तो नुसतं "बरं," म्हणाला आणि ठेवला. सुटले म्हणून मी चहा टाकला. पण तो तसाच ठेवला. मी पमीला फोन लावला. संपर्क क्षेत्राबाहेर. ते तर नेहमीचंच, ओट्यावर चढल्याशिवाय लागतच नाही, मी स्वतःला समजावलं. अर्ध्या तासाने पुन्हा लावला, मग दर पाच मिनिटांनी. पाहुणे पोहे खात होते आणि मी मोबाईल घेऊन आतबाहेर करत होते. साडेदहाला दारात मॉनिटर. बोरीहून यवतमाळ, यवतमाळहून पांढरकवडा, दोन बस बदलून, नखशिखांत भिजलेला.

"चाल," म्हणाला. "तू खोटं बोलली."

"कशावरून?"

"पमी बोलली असती तं मले शिव्या दिल्या असत्या. तू शिवी सांगितली नाई."

काळीपिवळी जीपमध्ये आम्ही दोघं समोरासमोर बसलो. मी सगळं सांगून टाकलं, भजी, पाहुणे, सगळं. वाटलं, ओरडेल. तो नुसता जीपमधली माणसं मोजत राहिला. अकरापर्यंत मोजायचा, चुकायचा, पुन्हा पहिल्यापासून. मला त्याच्याकडे बघवेना. बाहेर सागाच्या रांगा आणि पाऊस. मी मनात म्हणत होते, देवा, शिव्या दे म्हणावं तिला, मला दे, याला दे, पण तिच्या तोंडून शब्द निघू दे.

पमीचं घर गावाच्या टोकाला. दार आतून बंद. माणसं निंदणाला शेतात गेलेली, एक शेजारीण भेटली, ती म्हणाली, "मास्तरीनबाई तं पांढरकवड्याले मैत्रिणीकडे एक डाव जाऊन येते म्हणत होत्या. कालपासून दिसल्या नाईत. आमाले वाटलं, गेल्या." म्हणजे गाव समजत होतं ती माझ्याकडे आहे, आणि वर्ग समजत होता ती हजर आहे, कारण मी तसं लिहिलं होतं. मी ओट्यावरच बसले.

मॉनिटर दारासमोर ताठ उभा राहिला. टोपी सरळ केली, आणि शाळेत गुरुजींच्या टेबलापाशी उभा राहून ओरडायचा तसा ओरडला, "एकोणचाळीस!"

पत्र्यावर नुसता पाऊस.

"एकोणचाळीस!"

मी कानावर हात ठेवले. मला ते ऐकायचं नव्हतं, ते काहीच न येणं. तिसऱ्यांदा त्याचा आवाज फाटला. आणि मागच्या मोरीकडून, अगदी बारीक, आलं, "हजर... मेल्या."

पहार आणून कडी उचकटली. आदल्या दिवशी दिवेलागणीला ती हापशीकडे निघायच्या आधी पाय धुवायला मोरीत गेली होती, तिथेच घसरली होती. खुब्याचं हाड मोडलेलं. रात्रभर ओरडली, पावसात कुणाला ऐकू गेलं नाही. ओठ निळे पडलेले, हाताला धरलं तर बर्फ. मॉनिटरला बघून म्हणाली, "एवढा उशीर, हाजरीखोरा?" तो तिथेच ओल्या फरशीवर बसला आणि पोरासारखा रडला.

गाडी मिळाली, दवाखाना गाठला, पमी वाचली. संध्याकाळी दवाखान्याच्या बाकावर त्याने पिशवीतून ती लांबुडकी वही काढली. पमीच्या ओळीत त्या दिवसाची हजेरी लिहिली. मग पेन माझ्या ओळीवर नेऊन थांबला. मी म्हटलं, "हजर लिही. मी तर होते."

"एकोणचाळीस हजर होती व," तो हळू म्हणाला. "फरशीवर पडून बी हजर होती. गैरहजर तू होती." आणि माझ्या ओळीत त्याने फुली मारली. रागाने नाही मारली. रागाने मारली असती तर मला सोसली असती.

आता पमी माझ्याकडेच आहे. चौकटीचा वॉकर धरून घरभर फिरते आणि सुनेला कामं सांगते. मॉनिटर दर पंधरा दिवसांनी येतो, आम्हा दोघींना मोजतो आणि चहा घेतो. मागच्या खेपेला पमीने त्याची वही चाळली आणि एकदम विचारलं, "तू सात नंबर ना रे? तुह्या बाकावर कोण होतं?"

"अकरा," तो म्हणाला.

एवढी वर्षं सगळ्यांची हजेरी घेणाऱ्या ह्या माणसाच्या बायकोला जाऊन काळ लोटला, मुलगा सुरतला, बोरीत घरात हा एकटा. आणि याचा नंबर सकाळी विचारायला कोणी नाही, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. "मॉनिटरची हाजरी कोणी घेत नसते," तो चहा फुंकत म्हणाला.

"मग आमच्या बाकावर ये," पमी म्हणाली.

"पोरीच्या बाकावर?" सत्तरीला टेकलेला माणूस कानापर्यंत लाल झाला. शाळेत ही सगळ्यात मोठी शिक्षा होती. पण नाही म्हणाला नाही.

तेव्हापासून दिवेलागणीला मी त्याला फोन लावते. पाहुणे असोत, भजी असोत, आधी फोन. तो दुसऱ्या घंटेला उचलतो आणि लाजत म्हणतो, "सात हजर." परवा दुसरी घंटा गेली, तिसरी गेली. पमी वॉकर सोडून भिंत धरून उभी राहिली. चौथी गेली. मला दारातल्या दुधाच्या पिशव्या दिसायला लागल्या. सहाव्या घंटेला धापा टाकत आवाज आला, "सात हजर. वासरू सुटलं होतं व शेजाऱ्याचं, थ्याच्यामागं धावलो." मी पमीला हाताला धरून खाली बसवलं.

"भ्याली काय?" त्याने विचारलं.

त्याच्याशी खोटं बोलणं मी सोडलं आहे.

"हो," मी म्हणाले. "खूप भ्याले."