लाल पायांची पहिली

आमच्या गावच्या शाळेत पहिलीच्या मुलांची पावलं कागदावर उमटवून घ्यायची पद्धत होती. ती माझ्यापासून बंद झाली.

तशी मी काही ऐरीगैरी बाई नाही. माझं माहेर पेणचं, वडिलांचा गणपतीचा कारखाना. रंगाच्या डब्यांतच मी वाढले आणि लग्नाआधीच माझा हात आखणीवर बसला होता. (आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रेखाटणं. ते काम कुणाच्याही हातात देत नाहीत, हे मी सासरी आल्या आल्या सगळ्यांना सांगून ठेवलंय.) लग्न होऊन रोह्याजवळच्या या गावात आले, तरी सीझन आला की मी पेणला जाते आणि लेकीला, चिमीला, बरोबर नेते. मी डोळे काढायचे आणि ती शेजारी बसून मातीचे उंदीर करायची. अशी आमची पाच वर्षं मजेत गेली. अडचण एकच होती. चिमी माझ्याशिवाय कुठे राहतच नव्हती. बालवाडीत घातली, तर दुपारच्या आत घरी पळून यायची.

यावर आमच्या ह्यांनी तोडगा काढला. हे नागोठण्याला कंपनीत आहेत. शिफ्टवरून आले की चहाबरोबर एक तोडगा काढतातच.

"रोह्याला इंग्लिश मीडियमला घालू. व्हॅन दारात येते. तू समोर दिसली नाहीस की आपोआप राहील पोरगी."

"काही नको! शाळा आपल्या परसामागे आहे. पोरगी माझ्या हाकेच्या अंतरावर राहील."

"म्हणजे पळून यायला बरी!"

"नाही पळणार. मी बघते ना!"

"ठीक आहे. एक आठवडा देतो. राहिली तर राहिली. नाहीतर सोमवारी व्हॅन."

"मंजूर!" मी म्हटलं. म्हणताना आवाज ठाम ठेवला. एवढ्याशा पोरीला सकाळी झोपेतून उठवून व्हॅनमध्ये कोंबायचं आणि संध्याकाळपर्यंत तोंड बघायचं नाही, हे मला सोसणारं नव्हतं.

दोन दिवसांनी पहिलीच्या बाई आमंत्रण द्यायला घरी आल्या. शाळा उघडण्याच्या दिवशी नव्या मुलांचं स्वागत, पालकांची सभा, वर्षभर काय काय शिकवणार त्याची माहिती, आणि आठवण म्हणून प्रत्येक मुलाच्या पावलांचे ठसे. मी लगेच ओळखलं, शाळेत दिवसभर थांबायचं कारण आपसूक चालून आलंय!

"बाई, ठशांचं माझ्यावर सोडा."

"अहो, कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवायचे आणि कागदावर ठेवायचे. त्यात सोडण्यासारखं काही नाही."

"कुंकवाचं पाणी ओघळतं. वर्षभरात फिकं पडतं. बाई, मी पेणची आहे!"

यापुढे कुणी काही बोलू शकत नाही, असा माझा अनुभव आहे. बाईंनीही पोरं किती ते सांगितलं आणि उठल्या.

मग मी रंग करायला बसले. आमच्याकडे रंगाला एकच कसोटी. तो ओघळता कामा नये, पुसला जाता कामा नये आणि भक्तांचे घामेजलेले हात लागले तरी ढिम्म हलता कामा नये. कारखान्यातला अस्सल लाल रंग घेतला, त्यात रंग पक्का धरून ठेवणारा बाइंडर घातला आणि शाळेचं काम म्हणून वरून आणखी थोडा घातला. कागदावरून तो रंग दहा वर्षं निघणार नाही, याचा मी पुरता विचार केला होता. पायांवरून निघेल का, हा विचार डोक्यात आलाच नाही. मूर्तीचे पाय रंगवून झाल्यावर कुणी धुतं का!

शाळेचा पहिला दिवस उजाडला. दाराला आंब्याचं तोरण, व्हरांड्याला नवा पांढरा डिस्टेंपर आणि खुर्चीवर पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले सरपंच तात्या. त्यांचा नातूही पहिलीत होता. वर्गात बाई पालकांना सांगत होत्या, "पहिले दोन महिने नुसती गाणी, गोष्टी आणि चित्रं. लगेच अक्षरं आली नाहीत म्हणून पोरांना बदडू नका. गृहपाठ तुम्ही लिहून देऊ नका, मला अक्षर ओळखता येतं. दुपारची खिचडी शाळेत मिळते, तरी सकाळी काहीतरी खायला घालून पाठवा."

मी यातलं निम्मंच ऐकलं, कारण मी व्हरांड्यात परात मांडून बसले होते. पुढे मी, मागे बादलीपाशी पाय धुवायला सासूबाई. पहिली चिमी. एका हातानं तिनं माझा पदर घट्ट धरला होता. मी ब्रशनं तळवे रंगवले, पाय कागदावर दाबले आणि असा ठसा उठला म्हणता! पाच बोटं, टाच, मधली वळणं, सगळं लख्ख! सभा सोडून चार बाया बघायला आल्या. "काय गो सुंदर!" म्हणाल्या. मी मान जराशी वाकडी करून म्हटलं, "सवय आहे." आणि पुढच्या पोराचा पाय ओढला.

इतक्यात मागून सासूबाईंची हाक आली. "सुनबाय, ह्यो रंग निघत नाय गो!"

"घासा जरा, आई!"

"घासलाय!"

"साबण लावा!"

"लावलाय! साबण लाल झाला, पोरगी हाय तशीच हाय!"

शहाण्या बाईनं इथे हात थांबवला असता. पण माझा हात लागला होता, पोरं रांगेत उभी होती आणि बघणाऱ्या बाया वाढल्या होत्या. मी म्हटलं, "वाळला की निघेल," आणि ब्रश चालूच ठेवला. शेवटच्या पोराचा पाय उचलला तेव्हा सासूबाई पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या. कोपरापर्यंत लाल!

"आता मला पन कागदावर उटव," त्या म्हणाल्या.

आणि रंग वाळेल कसा? आमच्याकडे जून महिन्यात अंगावरचा घाम वाळत नाही, तिथे बाइंडर काय वाळणार! पोरांचे पाय नुसते चिकट झाले होते. एक पोरगा उठला तर त्याचा कागद त्याच्याबरोबर उठला. दुसऱ्यानं कागद सोडवायला हात लावला, तर त्याचे हातही लाल झाले. तेवढ्यात खिचडीची घंटा झाली!

सगळी पहिली एकदम उठून पळाली. नव्या डिस्टेंपरच्या व्हरांड्यातून, मुख्याध्यापकांच्या खोलीतून, सतरंजीवरून, खिचडीच्या पातेल्याभोवती तीन फेऱ्या मारून सगळी पहिली परत आली. मुख्याध्यापक "अरे थांबा! अरे भिंत!" म्हणत मागून धावत होते आणि त्यांच्या चपलांनी तेच ठसे दुसऱ्यांदा उमटत होते. शेवटी तात्यांच्या नातवाला आजोबा दिसले. त्यानं मांडीवर उडी घेतली, तिथून खांद्यावर चढला आणि निवांत बसला. तात्यांच्या सदऱ्यावर पोटापासून खांद्यापर्यंत चार लाल पावलं!

तात्या थंडपणे म्हणाले, "कोनचा रंग ह्यो?"

"पेणचा," सासूबाई म्हणाल्या. एरवी माझं माहेर त्या कधी काढत नाहीत.

शाळा सुटली आणि पोरं आपापल्या घरी गेली. आम्ही घरी येऊन टेकतोय, तोच शेजारच्या बायजाक्कांचा आवाज आला. "आगो, लक्ष्मी आली माज्या घरात! लाल पावलांनी आली!" मी धावले. त्यांच्या उंबऱ्यातून इवलीशी लाल पावलं थेट आत गेली होती. बायजाक्कांनी त्यांच्यावर हळद-कुंकू वाहिलं होतं, निरांजन लावलं होतं, आळीतल्या बाया पाया पडत होत्या. (मीही पडले. खरं सांगायचं ते धाडस त्या वेळी माझ्यात नव्हतं.) हात जोडून सगळ्या जणी पावलांमागून स्वयंपाकघरात गेल्या. तिथून ती पावलं मागच्या दारानं बाहेर पडली होती!

बायजाक्कांनी कपाळावर हात मारला. "गेली! आली तशी गेली! च्या पन नाय घेतला गो लक्ष्मीनं!"

त्यांचा पहिलीतला नातू मागच्या पडवीत पेरू खात बसला होता. त्याचे तळवे दिसले, आणि आळीतल्या बायांनी आधी त्याच्याकडे आणि मग सावकाश माझ्याकडे बघितलं.

संध्याकाळपर्यंत माझ्या दारात सभाच भरली. "आमची गादी बघ!" "आमची म्हातारी पोराच्या पायाला चिकटली!" एक जण म्हणाला, "मी पोराला उद्या धाडतच नाय शालंत!" त्या वाक्यानं मात्र माझं काळीज हललं. सगळ्यांनीच पोरं घरी ठेवली तर चिमी एकटी कशी राहील? तशात हे शिफ्टवरून आले. ओटीवर पावलं, जिन्यावर पावलं, स्वतःच्या उशीवर पावलं. ह्यांनी पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, "आठवडा कशाला पाहिजे आता? व्हॅनवाल्याला उद्याच सांगतो."

मी ओलं फडकं घेतलं आणि पावलं घासायला बसले.

रात्री उशिरापर्यंत घासत बसल्यानं सकाळी उशिराच जाग आली. उठल्या उठल्या मी खोबरेल तेलाची बाटली काढली. ठरवलं होतं, शाळेच्या दारात बसायचं, एकेका पोराचे पाय चोळून काढायचे, पालकांच्या हातापाया पडायचं आणि चिमीला हाताला धरून वर्गात बसवायचं. चिमीला उठवायला गेले तर अंथरूण रिकामं! परसात नाही, बायजाक्कांकडे नाही. माझं धाबं दणाणलं. मी तेलाची बाटली घेऊन शाळेकडे पळत सुटले आणि माझ्यामागून हे, हातात फोन घेऊन.

वर्ग भरला होता. सगळी पहिली हजर होती आणि पहिल्या रांगेत मधोमध चिमी! खिडक्यांना दुसरी-तिसरीची पोरं लटकून "आम्हालाही पाय पायजेत!" म्हणून ओरडत होती, आणि पहिलीवाले पाय उंच करून त्यांना तळवे दाखवत होते.

मी बाटलीचं बूच काढलं. "चला रे, एकेकानं पाय पुढे करा."

सगळ्यांनी एका झटक्यात मांड्या घातल्या आणि पाय खाली दडवले. चिमी उठून उभी राहिली.

"आई, पाय नको ना धुवूस! मग आम्ही पहिलीतले, ते कसं कळणार?"

"अगं पण, तू एकटी आलीस? मला न सांगता?"

"तू झोपली होतीस. तू जा ना आता. बाई गाणं शिकवतायत."

तिनं माझ्याकडे पाठ केली आणि बसली. ह्यांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि फोन मुकाट खिशात टाकला. मी जिंकले होते! व्हॅन टळली होती, लेक हाकेच्या अंतरावर राहिली होती, फक्त हाकेला आता ओ देत नव्हती. मी तिथेच उभी राहिले. म्हटलं, रडली-बिडली तर आपण असलेलं बरं. एक गाणं झालं, दुसरं झालं, कुणी रडलं नाही.

शेवटी बाई दारापर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "चिमीची आई, चिमी रमली इथे. आता तुम्ही घरी रमा."

पहिलीत कुणालाही नापास करायचं नाही, असा सरकारी नियम आहे. आमच्या शाळेनं तो त्या वर्षी पाळला नाही. दुसऱ्याच दिवशी एकीला घरी पाठवलं आणि ती मी होते!