हे स्थळ सुरक्षित नाही

"चौकशी केली का?" हे बाईंचं पहिलं वाक्य असायचं, मग समोर लग्नाचा मुलगा असो की मेथीची जुडी. भाजीवाला वैतागायचा. मेथीची कसली आली चौकशी, म्हणायचा. बाई चष्मा वर सरकवून जुडी उलटी करत आणि बुडाशी बघत. तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेलच. नसेल तर तुमचं नशीब.

शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी द्वारका चौकाच्या मागच्या आमच्या कॉलनीत, घराच्या पुढच्या खोलीत, वधू-वर सूचक केंद्र काढलं. स्थळं बहुतेक आमच्याच बौद्ध समाजातली. प्रत्येक मुलाच्या घरी बाई स्वतः एसटीने जात, शेजारीपाजारी विचारत, आणि मगच त्याचं पान वेबसाइटवर चढवू देत. ती वेबसाइट मी बनवलेली. माझा धंदाच तो. एखादी वेलांटी चुकली तरी बाई माझ्याकडे असं बघत की वर्गाबाहेर उभं राहावंसं वाटे.

साइटला सुरक्षा सर्टिफिकेट नव्हतं. ते नसलं की ब्राउझर कुलपाच्या चिन्हाऐवजी इशारा दाखवतो. अर्थ एवढाच, की इथे भरलेली माहिती वाटेत कोणीतरी वाचू शकेल. एक प्लगइन, म्हणजे साइटला जोडायचा छोटा तयार प्रोग्रॅम, टाकलं की काम होतं, हे मी बाईंना कितीदा सांगितलं. त्या विचारत, ते प्लगइन कोणाचं, कुठलं, चौकशी केली का? आता प्लगइनचं घराणं मी कुठून शोधून आणू? राहून गेलं ते राहूनच गेलं.

मग एका सकाळी बाईंनी मला तातडीने बोलावलं. चेहरा पार उतरलेला. घोटीच्या राइस मिलमध्ये काम करणारा एक मुलगा आणि सातपूरची मुलगी, दोघं एकमेकांना पसंत, साखरपुडा तोंडावर आलेला. मुलीच्या बापाने पाहुण्यांना कौतुकाने दाखवायला मुलाचं पान मोबाइलवर उघडलं. मोबाइल मराठीत. वर आलं, "हे स्थळ सुरक्षित नाही."

अहो, कॉम्प्युटरच्या मराठीत स्थळ म्हणजे संकेतस्थळ. पण ज्याच्या घरात लग्नाची मुलगी आहे, त्याला या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक असतो. बाई खोटं लिहिणार नाहीत, एवढ्या विश्वासावर त्याने लग्न मोडल्याचा फोन केला आणि तोंडावर सांगायला घरून निघालासुद्धा. मुलगी रडून बेजार.

"तो यायच्या आत ते काढ," बाई म्हणाल्या. प्लगइन कोणाचं, हे त्या दिवशी त्यांनी विचारलं नाही.

मी तिथेच बसून प्लगइन टाकलं आणि सुरू केलं. घाई नडली. सर्टिफिकेट अजून तयार होऊन यायचं होतं, आणि प्लगइनने साइट आधीच सर्टिफिकेट लागणाऱ्या नव्या पत्त्यावर वळवून टाकली. अख्खं पान गायब, वर लाल त्रिकोण, खाली माहिती चोरीला जाण्याचा इशारा. तेवढ्यात बाप दारात, हातात मोबाइल.

"जय भीम, बाई," तो म्हणाला, पण बसला नाही. "सकाळी नुसतं सुरक्षित नाय म्हणत व्हतं. आता म्हणतंय चोर बी हायेत."

मी समजावायला गेलो, तर त्याने माझ्याकडे असं पाहिलं की तो चोर मीच. त्याची खात्रीच पटली होती, की आम्ही दोघं मिळून मुलाची काहीतरी भानगड झाकतोय. बाईंनी परोपरीने सांगितलं. ऐकेना. चहा निवून गेला. मी पान पुन्हा पुन्हा उघडत होतो.

शेवटी आलं एकदाचं सर्टिफिकेट. त्याच्याच मोबाइलवर मी त्याला कुलूप दाखवलं, त्यावर बोट ठेवलं. "सुरक्षित आहे," अशी ओळ उघडली. त्याने ती ओठ हलवत वाचली.

"मंग झालं तर," तो म्हणाला. "सुरक्षित हाय. करून टाकू साखरपुडा."

मी सुटलो. बाई मात्र हसल्या नाहीत. त्या गप्प बसल्या असत्या तर जमलेलं लग्न सुखरूप होतं. त्यांनी त्याच्या हातातून मोबाइल घेतला आणि टेबलावर पालथा ठेवला.

"भाऊ, मघाशी ते मुलाबद्दल नव्हतं, आणि आताही नाही. मोबाइलच्या सांगण्यावरून लग्न मोडायचं नाही, तशी मुलगी द्यायचीही नाही. चला घोटीला, मी येते."

मला त्यांचा रागच आला. तिथे कोणी काही भलतंसलतं बोललं असतं तर? पण गेले दोघं. मिलमध्ये बसले, शेजाऱ्यांशी बोलले, आणि संध्याकाळी बापाचा फोन आला, की पोरगं लय चांगलं हाय, साखरपुडा ठरल्या दिवशीच. मी बाईंना मनातल्या मनात नमस्कार केला.

गेल्या हिवाळ्यात बाई वारल्या. सर्टिफिकेटची मुदत संपत आली की प्लगइन आपलं आपण नवं करून घेतं. साइटवर कुलूप तसंच दिसत होतं. मी म्हटलं साइट चालू राहू दे, तेवढीच बाईंची आठवण.

परवा सिन्नरहून एका आईचा फोन आला. बाईंच्या माघारी मी चौकशीविनाच साइटवर चढवलेला, तिथलाच एक मुलगा त्यांना आवडला होता, पुढे जायचं म्हणत होत्या. मी विचारलं, त्याच्या घरी कोणी जाऊन आलं का?

"तुमच्या बाई गेल्या असतील ना?"

"बाई गेल्या, ताई," मी म्हणालो.

"मग झालं तर," त्या समाधानाने म्हणाल्या, आणि त्यांनी फोन ठेवला. मी साइट बंद केली आणि मुलाच्या चौकशीला सिन्नरची एसटी धरली.