नळीतला केस

इटलीतल्या गार्दोने गावात लग्न असलं की कुणीतरी ओर्सोलाला हटकून विचारायचं, "बघा हो बाई, नवरदेव सरळ आहे ना?" ती एक डोळा मिटून नवऱ्या मुलाकडे बघायची आणि म्हणायची, "मधे जरा वाकलाय. सासूबाई ठोकून घेतील."

तिचा उजवा डोळा साऱ्या खोऱ्याच्या ओळखीचा होता. एकतीस वर्षं ती बंदुकांच्या कारखान्यातल्या उत्तरेकडच्या खिडकीशी बसत होती. खिडकीवर आडवा काळा दोरा ताणलेला असे. रायफलची नवी नळी उचलायची, दोऱ्यावर रोखायची, आत पडलेली दोऱ्याची सावली टोकापर्यंत सरळ जाते का पाहायचं, नळीच्या आत कोरलेल्या पिळांवर कुठे ओरखडा आहे का न्याहाळायचं. मनासारखी असेल तर बुडाशी चंद्रकोरीचा ठसा मारायचा. तो ठसा आधी तिच्या वडिलांचा होता.

फेब्रुवारीत, चर्चमध्ये मेणबत्त्या घेऊन जायच्या सणाच्या सुमारास, त्या डोळ्यात एक केस तरंगू लागला. बारीक, करडा, पापणी हलली की सरकणारा. तिने कुणाला सांगितलं नाही. पण एका रविवारी प्रार्थनेत ती नसलेली माशी हाकलत होती, ते मागच्या बाकावरून बोर्तोलोने पाहिलं. बोर्तोलो तिचा धाकटा दीर आणि कारखान्यातला फोरमन. तोही कुणाजवळ बोलला नाही.

मार्च संपत आला होता. त्या सकाळी एका नळीत तिला केस दिसला. तो रोजच दिसायचा. रोजच्यासारखी तिने पापणी मिटली, बाहेरच्या डोंगराकडे पाहिलं, डोळा निवू दिला. पुन्हा नळी लावली. केस तिथेच होता, तिरप्या पिळांना छेदून सरळ गेलेला. तिने नळी बोटांत फिरवली. केस नळीबरोबर फिरला.

डोळ्यातला असता तर तो फिरला नसता. तिने बोर्तोलोला हाक मारली.

बोर्तोलो आला, नळी डोळ्याला लावून बराच वेळ उभा राहिला. "मला तर काही दिसत नाही, वहिनी."

"तुम्हाला कधी काय दिसलंय?" शेजारच्या बाकावर कानस घासणारी देल्फिना म्हणाली. "परवा बूटसुद्धा उलटसुलट घालून आला होतात."

तो हसला नाही. ओणवा होऊन हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, हा तुमच्या डोळ्यातला असेल. ठसा मारा आणि सोडा."

"कापा ही नळी."

"कापली आणि आत काही निघालं नाही, तर साहेब तुम्हाला डोळे तपासायला ब्रेशियाला धाडतील. मग ही खिडकी गेली. मला आवरता यायचं नाही."

"कापा, भाऊजी."

नळी उभी चिरायला अर्धा तास लागला. तेवढ्या वेळात ओर्सोलाने दुसरी नळी उचलली नाही. देल्फिनाने तिच्यापुढे कॉफीचा पेला ठेवला, तो तसाच निवला.

बोर्तोलो दोन अर्धुकं हातात घेऊन आला तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता. चिरलेल्या पोलादात बोटभर लांबीची काळी रेघ होती, केसाएवढी, पण खोल. नळी जिच्यातून कोरली ती पोलादाची कांब ओतताना आत धातूची मळी राहिलेली. दुसऱ्या की तिसऱ्या हंगामात नळी कुणा शिकाऱ्याच्या गालाशी फुटली असती.

"मानलं, वहिनी," तो म्हणाला. "तपासणीच्या मशीनला नाही दिसलं ते तुम्हाला दिसलं."

"डोळे राखणाऱ्या सांता लुचियाशेजारी आता हिलाही बसवा," देल्फिना म्हणाली. "मेणबत्त्या मी विकेन."

ओर्सोला त्या रेघेवरून नख फिरवत राहिली. नख अडकत होतं.

"ही कांब कुठली?"

"नव्या ओतशाळेची. त्यांचा माल सणानंतर यायला लागला."

"म्हणजे केस आणि कांबी एकदमच आल्या."

बोर्तोलोला कळलं नाही.

"भाऊजी, मला तो रोज दिसायचा," ती म्हणाली. "दिसला की मी म्हणायचे, माझ्या डोळ्यातला आहे. एकही नळी फिरवून बघितली नाही. ठसा मारत गेले."

तो खाली बसला. देल्फिनाची कानस थांबली.

"किती नळ्या असतील?" त्याने विचारलं.

"सणापासूनच्या सगळ्या. पेट्या गोदामातच आहेत ना?"

"आहेत. सोमवारी जायच्यात." त्याने मान वर केली. "उघडायच्या तर साहेबांना कारण सांगावं लागेल. डोळ्याचं नाव न घेता काही जुळवता येईल, बघू."

"नाही. डोळ्याचंच सांगा. नाहीतर ते दहा-बारा बघतील आणि बाकीच्या खिळे ठोकून पाठवतील."

तो उठून साहेबांच्या खोलीकडे गेला. दारापाशी क्षणभर रेंगाळला, मग आत शिरला.

दुपारपर्यंत पहिली पेटी खिडकीशी आली. ओर्सोलाने गवताच्या पेंढ्यातून एक नळी काढली, तेल पुसलं, बुडाशी आपली चंद्रकोर पाहिली. मग खुर्चीवरून उठली.

"देल्फिना, इथे बस. दोऱ्यावर रोख. सावलीकडे नको, पिळांकडे बघ."

"अगं, मला कुठे येतं हे?"

"येईल. दिसेल ते मोठ्याने सांग. मी फिरवते."

देल्फिना बसली. ओर्सोलाने नळीचं दुसरं टोक दोन्ही हातांत धरलं आणि हळूहळू फिरवायला लागली.