विहिरीत सोडलेलं लुगडं

माझी सून कल्याणची. लग्न होऊन आली ती दोन सायकली घेऊन. जाड टायरच्या, गिअरच्या, डोंगरात चालणाऱ्या. एक तिची, एक माझ्या मुलाची. मुलगा नोकरीपायी कायम बाहेर, म्हणून त्याची सायकल माझ्या वाट्याला आली. सायकलीचं मला काही नवल नाही. अंगणवाडीत होते तेव्हा पाड्यापाड्यांतून सायकलनंच फिरले. पण ही गिअरची सायकल म्हणजे चढावर कुणी मागून ढकलतंय असंच वाटतं. या वयात वेड लागलं मला तिचं.

शिमगा झाल्यावर सून म्हणाली, "आई, तुमच्या माहेरी डोंगरावरून जाऊ ना. सकाळी निघू, संध्याकाळी मामांकडे."

डोळखांबकडून वर चढायचं, दिवसभर पठारानं जायचं आणि मुरबाडच्या अंगाला उतरायचं. वाट मला पाठ. लग्न झाल्यावर गौरीला मी त्याच वाटेनं चालत माहेरी जायची.

पिशवीत मी भाकरीचा डबा घेतला आणि भावानं दिलेलं नऊवारी लुगडं.

"आई, डोंगरात माकडांना दाखवायचंय का लुगडं?"

"सायकल ड्रेसवर चालवीन गो, पण भावाच्या दारात लुगड्यातच उभी राहीन. भावजयीला दिसाया नको, नेसलेलं?"

ती आणखी दोन बाटल्या भरत होती, तर मीच म्हटलं, "पाणी किती वाहशील? मधी पाडा हाय, विहीर बारमाही हाय. कोणाच्या पण दारात उभं राह्यलं तर तांब्या भरून देतील."

सकाळ छान गेली. मोहाचा वास सुटला होता. सून पुढून ओरडायची, "आई, ब्रेक दाबून धरा!" आणि मी म्हणायची, "तुझ्या जन्माच्या आधीपासून दाबतेय." पण चढ संपून पठारावर आलो आणि ऊन असं लागलं म्हणता! सागाला पान नाही, गवत वाळून पेंढा झालेलं. वाळल्या पाल्यात चाकं घसरत होती. पाऊलवाटा रान गिळून बसलं होतं, मग सायकली खांद्यावर घेऊन दगडांतून चालायचं. दुपार व्हायच्या आत बाटल्या संपल्या. लांब सिद्धगड धुरकट दिसत होता, जवळ म्हणून येत नव्हता. आणि सून बोलायची थांबली. तिचं बोलणं थांबत नाही कधी.

पाडा दिसला तशी मी हात जोडले. मधल्या अंगणात होळीचा काळा गोल होता, राख अजून उडायची होती. म्हटलं माणसं आहेत.

"कोण हाय का गो घरात?"

एका दाराला तार बांधलेली. दुसऱ्याला काटेरी फांदी लावलेली. कोंबडी नाही, कुत्रं नाही. शिमग्यापुरती माणसं आली होती आणि परत वीटभट्टीवर गेली होती. एखादी म्हातारी तरी मागं असेल अशी मला खात्री. पण पोरं सांभाळायला म्हाताऱ्यांनाही नेलं होतं.

विहिरीकडं पळाले. पाणी होतं! खोल, पण होतं. आभाळाचा तुकडा दिसत होता त्यात. आणि दोर नव्हता. इथं प्रत्येक घराचा दोर आपला आपला, आणि भट्टीवर जाताना दोर, हंडे सगळं बरोबर जातं. मी एका दाराची तार सोडून आत शिरले. दुसऱ्याच्या घरात असं शिरायला नको, कळतं मला. आत नुसती चूल आणि फुटकी टोपली.

बाहेर आले तर सून विहिरीजवळच्या आंब्याच्या बुंध्याशी आडवी. अंग तव्यासारखं, घामाचा टिपूस नाही.

"आई, फ्रिजचं दार कुणी उघडं ठेवलं?"

"मी लावते हां, लावते."

फोनला रेंज नाही. तिला टाकून खाली माणूस शोधायला जाऊ, तर मी येईपर्यंत ती राहील का? आणि बसून राहिले तर डोळ्यांदेखत जाईल. पोराला काय सांगू? पोराचं तर राहू द्या, ही पोरगी मला आई म्हणते. मी देवाला शिव्या घातल्या त्या इथं लिहीत नाही.

मग पिशवी उपसली. लुगड्याच्या टोकाला बाटली बांधून सोडली. पुरलं नाही. बाटली पाण्याच्या वर हातभर लोंबत राहिली. ओढून काढलं, काठ दातानं तोडला आणि लुगडं उभं फाडलं. दोन पट्ट्या झाल्या, त्यांना गाठ मारून पुन्हा सोडलं. यावेळी पोचली, तर मेली बाटली तरंगायला लागली! हलवली, आपटली, तोंड बुडेना. रडू यायला लागलं मला. तशीच रागानं वर ओढली, तर तिच्यामागं लुगडं जड लागलं. गाठीपासचं कापड भिजून निथळत होतं.

अगं बाई, पाणी तर कापडच आणतंय!

बाटली सोडून टाकली, कापडाला दगड बांधला. बुडवायचं, ओढायचं, तिच्या डोक्यावर, मानेवर पिळायचं. पुन्हा बुडवायचं. भाकरीच्या डब्यात पिळून थेंब थेंब तोंडात घातलं. किती वेळ ते विचारू नका. हाताची सालं गेली. ती गिळत नव्हती तेव्हा मी ओरडत होते, "गीळ गो, गीळ! मामा जेवायला थांबलाय."

ऊन कलल्यावर तिनं डोळे नीट उघडले. डब्यातलं पाणी बघून म्हणाली, "भाकरीचा चुरा आहे यात."

मी हसले नाही. मला हसताच आलं नाही.

एक पट्टी तिला ओली गुंडाळली. दुसरी विहिरीवरच्या लाकडाला बांधून ठेवली, दगडासकट. पहिली परतणारी जी कोण असेल तिला असू दे, हातभर काही जोडलं की पुरेल. मग सायकली तिथंच टाकून, तिला कवेत धरून, बसत उठत उतरलो. खाली गाडीरस्त्यावर टेम्पो मिळाला, रेंज आली तसा भावाला फोन लावला.

भाऊ दवाखान्याच्या दारातच होता. सलाईन लावलं, डॉक्टर म्हणाले वाचली. मग घर. भावजय सुनेच्या अंगावरच्या पट्टीकडं बघतच राहिली.

"वन्सं, अवो ह्या लुगड्याचं काय झालं?"

गंमत म्हणून सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात रीतीप्रमाणं तिनं दारात बादली आणली, तांब्या भरला आणि माझ्या पायांवर ओतायला वाकली.

मी तिचा हात धरला. "नको. ओतू नको मातीत."

"पाय तरी धुवा."

"नको म्हटलं ना गो." तांब्या मी काढूनच घेतला आणि दोन्ही हातांनी सुनेच्या तोंडाला लावला.