लाकडाला लावलेला कान
परवा घरात नवं कपाट आलं आणि मी सवयीनं त्याला कान लावला. ही सवय साठच्या दशकातली, लग्न होऊन मी वाणगावला आले तेव्हाची. स्टेशनजवळच्या वखारीत जंगलातले ओंडके येत, आणि तारापूरकडची कोळी माणसं होडीचं लाकूड घेण्याआधी ओंडक्याला कान लावून बसत. त्या साली जंगलात झाडं पोखरणारी कीड पडली होती. ओल्या सालीचा आंबूस वास सुटला होता, भोकांतून पिवळा भुसा गळत होता. एका कोळणीनं कान लावला आणि लगेच काढला. "नको गो बाय, आत किडा हाय." बैलगाडीतून ओंडके आणणारी डोंगराकडची बाई म्हणाली, "लाकूड इकला नाय तं ठेकेदार पुढची तोड नाय लावणार. मंग आमी काय खावाचा?" मला राहवेना, मीही कान लावला. कुरकुर, कुरकुर. आत कुणीतरी निवांत जेवत होतं. कपाटातून मात्र काहीच ऐकू येईना. नातू हसला. "आजी, किडा कुठून येणार? हे लाकूड नाहीच, भुसा दाबून केलंय."